क्लोन डेस्कटॉपांचे लायसन्स मार्गी लावून दिल्याबद्दल वेर्ण्याच्या ताईंना जाहीर आभारपत्र

ताई,
सप्रेम नमस्कार.

आमच्या लॅबमधले क्लोन डेस्कटॉप, म्हणजे एकाच मूळ प्रतीवरून (मास्टर इमेजवरून) काढलेली आभासी यंत्रे, आता 'ॲक्टिव्हेट विंडोज' ही कोपऱ्यातली पुसट अक्षरे न दाखवता उघडतात. याचे श्रेय तुमचे. फोनवर आभार मानून झाले होतेच. तरी हे पत्र जाहीर लिहितो आहोत, कारण म्हापसा-मडगावकडे अशाच लॅब सांभाळणारे बरेच जण आहेत आणि तुम्ही सांगितलेले त्यांनाही उपयोगी पडेल.

सर्वांत आधी आभार तुमच्या पहिल्या प्रश्नाचे: "होस्टवर आकडा किती दिसतो?" ॲक्टिव्हेशन अडले की सगळे क्लायंटवर एरर शोधत बसतात. तुम्ही थेट केएमएस होस्टवर, म्हणजे आपल्याच नेटवर्कमधून विंडोज-ऑफिस ॲक्टिव्हेट करून देणाऱ्या सर्व्हरवर, लायसन्सची सविस्तर स्थिती दाखवणारी 'एसएलएमजीआर /डीएलव्ही' ही आज्ञा चालवायला लावली. विंडोज क्लायंटसाठी होस्टला किमान २५ वेगवेगळी यंत्रे दिसावी लागतात. विंडोज सर्व्हर आणि ऑफिससाठी ५ पुरतात. लॅबमध्ये चाळीस क्लोन चालू असतानाही आकडा जागचा हलत नसेल, तर होस्टला ते सगळे मिळून एकच यंत्र वाटते आहे. क्लायंटवर 'एफ०३८'ने संपणारी एरर येते ती यामुळेच. 'एफ०७४' आली तर प्रकरण वेगळे: तिथे होस्टपर्यंत पोचताच येत नाही, म्हणून १६८८ हा टीसीपी पोर्ट आणि डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी सेवा) बघायचे.

मग तुम्ही होस्टच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये केएमएसच्या लॉगमधल्या १२२९० क्रमांकाच्या नोंदी उघडायला सांगितल्या. प्रत्येक नोंदीत यंत्राचे नाव असते आणि पुढे लांबलचक सीएमआयडी, म्हणजे केएमएससाठी त्या यंत्राचा ओळख क्रमांक. नावे सगळी निराळी, सीएमआयडी मात्र अक्षरन् अक्षर तोच! एवढे दिसले की निदान झालेच. मास्टर इमेजमधली ओळख न पुसता क्लोन काढले की सगळे एकच आधार कार्ड घेऊन रांगेत उभे राहतात.

उपाय सगळ्यांना ठाऊक असतो: इमेजमधली ओळख पुसणारे विंडोजचे सिसप्रेप 'जनरलाइझ'सह, नाहीतर ॲक्टिव्हेशनची स्थिती नव्याने सुरू करणारे 'एसएलएमजीआर /रीआर्म'. पण खरी मेख तुम्ही दाखवलीत ती पुढची. रीआर्म झाल्यावर विंडोज स्वतःच सांगते की बदल लागू होण्यासाठी रीस्टार्ट करा. तिथे तिचे ऐकायचे नाही. मास्टर पुन्हा सुरू झाला की त्याला नवी ओळख मिळते आणि तीच सगळ्या क्लोनांत उतरते. रीआर्म, लगेच शटडाउन, मग स्नॅपशॉट (यंत्राच्या त्या क्षणाच्या स्थितीची प्रत). मधे काही नाही. सिसप्रेप वापरणाऱ्यांनी त्याला सूचना देणाऱ्या उत्तर-फाइलमध्ये रीआर्म वगळायला लावणारे 'स्किपरीआर्म' १ राहिलेले नाही ना, हेही पाहावे. चाचणीच्या वेळी ते घालतात आणि काढायचे राहून जाते.

ऑफिसचा हिशेब वेगळा. त्याला 'ओएसपीपीरीआर्म' स्वतंत्र चालवावे लागते, आणि रीआर्मची संधी पाचच वेळा. म्हणून दरवेळी आधीच्या रीआर्म करून बंद केलेल्या इमेजवरूनच पुढची न बनवता, रीआर्मच्या आधीचा स्नॅपशॉट जपून ठेवून त्यावर अपडेट चढवायचे. रीआर्मनंतर 'जरा बघूया' म्हणून वर्ड उघडायचे नाही. सिट्रिक्सच्या एमसीएसमध्ये (क्लोन बनवून देणाऱ्या सोयीत) इमेज तयार होताना विंडोज आणि ऑफिस दोन्हींचे रीआर्म आपोआप होते. तुमच्या मते ते होते म्हणून निर्धास्त राहू नये, दोन क्लोनांवर 'डीएलव्ही' चालवून सीएमआयडी ताडून पाहावेत. आम्हालाही ते पटते.

मे महिन्याच्या सुट्टीबद्दल तुम्ही जे बजावलेत, ते तर कुठल्या सूचनापत्रात ठळक छापलेले सापडत नाही. होस्ट प्रत्येक यंत्राची आठवण ३० दिवसच ठेवतो. लॅब त्याहून जास्त बंद राहिली की आकडा २५ च्या खाली येतो. जुने कायम डेस्कटॉप तरतात, कारण त्यांचे ॲक्टिव्हेशन १८० दिवसांचे असते. पण लॉगऑफ झाल्यावर पुसून नव्याने बनणारे क्लोन जूनच्या पहिल्याच दिवशी अडतात. म्हणून वर्ग सुरू होण्याआधी पुरेसे क्लोन एकदम चालू करून आकडा वर आणायचा. पावसात वीज जाऊन आल्यावर घड्याळ तपासायचे, हेही तुमचेच: होस्ट आणि क्लायंट यांच्या वेळेत चार तासांहून जास्त फरक पडला तर ॲक्टिव्हेशन नाकारले जाते.

एमएके, म्हणजे यंत्रे थेट मायक्रोसॉफ्टकडून ॲक्टिव्हेट करणारी की, वापरायचा मोह तुम्ही वेळीच मोडलात. तिची ॲक्टिव्हेशने मोजकी. रोज नव्याने बनणारे क्लोन ती बघता बघता फस्त करतील. मुळात २५ यंत्रेच नसतील, तर डोमेनमधल्या यंत्रांसाठी ॲक्टिव्ह डिरेक्टरीवर (डोमेनमधली खाती आणि यंत्रे सांभाळणाऱ्या सेवेवर) आधारलेले ॲक्टिव्हेशन बरे, तिथे आकड्याची अट नाही. गोव्यातल्या बहुतेक लहान कार्यालयांना हाच मार्ग सोयीचा, असे आमचे मत आहे.

आणखी एक. 'एनएसलूकअप'ने डीएनएसमधली 'व्हीएलएमसीएस'ची एसआरव्ही नोंद, म्हणजे केएमएस होस्ट कुठे आहे ते सांगणारी नोंद, बघायला लावलीत, तीही सवय लागली. कुणी चाचणीसाठी दुसरा केएमएस होस्ट उभा केला की तो आपली नोंद डीएनएसमध्ये आपणहून घालतो. मग यंत्रे दोघांत वाटली जातात आणि एकाचाही आकडा भरत नाही.

मॅक पत्त्याला (नेटवर्क कार्डाच्या क्रमांकाला) बांधलेल्या ड्रॉइंग सॉफ्टवेअरचे लायसन्स अजून बाकी आहे. क्लोन पुसला तरी सर्व्हरवरची जागा काही काळ अडकून राहते, ती लवकर कशी मोकळी करायची ते विचारायला चवथीच्या सुट्टीनंतर फोन करू.

देव बरें करूं.

आपले,
फोंड्याच्या कॉलेजातील संगणक लॅब सांभाळणारे