वरच्या मजल्यावरच्या चिरंजीवास

चि. …,
अनेक आशीर्वाद.

नाव छापलेलं तुला आवडायचं नाही, म्हणून जागा कोरी सोडली. पण आभार चारचौघांत मानायचेच होते.

विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि आमच्या डीटीपीच्या दुकानातला कॉम्प्युटर विंडोज ११च्या अटींत बसेना. नवा घ्या म्हणणारे पुष्कळ भेटले. तू म्हणालास, "काकू, नुसती एक एसएसडी, म्हणजे नवी वेगवान डिस्क टाका, तिच्यावर डेबियन ही मोफत लिनक्स सिस्टिम बसवू. श्रीलिपी फॉन्टांतल्या जुन्या फायलींसाठी विंडोज राहू दे हार्ड डिस्कवर, फक्त त्याला नेट देऊ नका."

इन्स्टॉलरला ती एसएसडी दिसेचना. तू मला बायोस, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगचं पान उघडायला लावलंस. तिथे साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, 'रेड'वर होती, ती इन्स्टॉलरला समजेल अशी 'एएचसीआय' करायची होती. पण लगेच करू दिली नाहीस. आधी विंडोज सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी मोजक्या गोष्टींनिशी उघडेल अशी सोय करायला लावलीस, मग मोड बदलला. नाहीतर विंडोज निळा पडदा दाखवून अडून बसलं असतं.

पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कचे भाग पाडायच्या पानावर तर तू मला चहा घ्यायला लावलास! "नावावर जाऊ नका, साइज बघा." एक डिस्क २३८ आणि दुसरी ९३१. मी तर २५६ जीबीचे पैसे मोजले होते! कंपनी हजाराच्या पटीत मोजते, कॉम्प्युटर १०२४च्या, हे तेव्हा कळलं. ९३१वाली म्हणजे जुनी एक टीबी, गिऱ्हाइकांच्या लग्नपत्रिका, अहवाल, सगळं तिच्यात. तिला हात लावायचा नाही, हे तू माझ्याकडूनच वदवून घेतलंस.

मग एसएसडीवर कॉम्प्युटर सुरू होण्यासाठी ईएफआयचा छोटा तुकडा, सिस्टिमला ६० जीबी, मेमरी कमी पडली तर म्हणून थोडं स्वॅप आणि उरलेलं सगळं 'होम'ला, म्हणजे माझ्या फायलींना. उद्या डेबियन पुन्हा टाकायची वेळ आली तर 'होम' फॉरमॅट करायचं नाही, काम जागच्या जागी राहतं. सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या याची यादी म्हणजे एफएसटॅब; तिच्यात जुनी डिस्क तिच्या यूयूआयडीने, म्हणजे तिच्या स्वतःच्या ओळख क्रमांकाने जोडायला लावलीस आणि पुढे 'नोफेल' (नाही सापडली तरी अडू नकोस) लिहायला लावलंस. ती म्हातारी कधी बंद पडली तरी दुकान उघडेल.

या सगळ्यात माउस एकदाही हातात घेतला नाहीस, याचं मला फार कौतुक वाटतं. स्वतः केलं असतंस तर अर्ध्या वेळात उरकलं असतं, पण पुढच्या वेळी मी पुन्हा तुझ्याच दारात आले असते.

पैसे तर घेतले नाहीसच. तेव्हा तुझ्या लग्नाची पत्रिका माझ्याकडून, कागदासकट. आईला सांगून ठेव.

तुझी,
खालच्या दुकानातली काकू