काकू, तुमच्या वरच्या खोलीसाठी

प्रिय काकू,
सा. न.

हे सगळं तुम्हाला फोनवर सांगता आलं असतं, पण तुम्ही माझ्यासाठी जे केलं ते चार लोकांनी वाचावं असं मला मनापासून वाटतं म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहायलेय. गेल्या महिन्यात लातुरात माझ्या एकांकिकेचा प्रयोग झाला, गुडघ्याच्या ऑपरेशनमुळं तुम्हाला पुण्याहून येता आलं नाही, पण प्रयोगानंतर भेटायला आलेल्या कितीतरी जणांनी एकच विचारलं की लातूरच्या पोरीला ग्रीसचं हे हायड्रा बेट सापडलं कुठं. प्रत्येकाला मी तुमचं सांगितलं. वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या खोलीत सापडलं.

२०१६ चा उन्हाळा लातूरचं कुणीच विसरणार नाही. मांजरा धरण कोरडं पडलेलं, पाणी भरायच्या ठिकाणी १४४ कलम, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या फेरीला पाच लाख लिटर. माझी बारावी सायन्स नुकतीच झाली होती आणि घरात रोज सीईटी का नीट, कोर्ट काय म्हणालं, राज्याच्या सीटांचं काय, एवढंच चालायचं. मला डॉक्टर व्हायचं नव्हतं. लातुरात, जिथं दर दुसऱ्या बोर्डावर क्लासच्या टॉपरचा फोटो असतो तिथं, हे घरात बोलायची माझी हिंमत होत नव्हती. तुम्ही मला काहीच विचारलं नाही. एका दुपारी जिन्यातून हाक मारली, "काय करायलीस गं खाली, वर ये, इथं वारं लागतंय." बस, तिथून सुरू झालं.

काकांच्या माघारी त्यांचं टेबल तुम्ही तसंच ठेवलं होतं. ते माझ्यासाठी रिकामं केलंत, एक ड्रॉवर दिलात, आणि लॅपटॉपवर एक फोटो दाखवलात. हायड्रा बेट, साल १९६०, एका टॅव्हर्नाच्या, म्हणजे तिथल्या खानावळीच्या, झाडाखाली रात्री एक तरुण गिटार वाजवतोय, भोवती पोरंपोरी, आणि त्याच्या खांद्याला टेकून बसलेली एक बाई. जेम्स बर्क नावाच्या फोटोग्राफरनं लाइफ साप्ताहिकासाठी काढलेले हे फोटो, त्या वेळी छापलेच गेले नाहीत. सगळे गिटारवाल्याकडं बघतात, तो लेनर्ड कोहेन, कॅनडाचा कवी, गायक म्हणून तेव्हा त्याला कुणी ओळखत नव्हतं. तुम्ही बोट ठेवलंत ते त्या बाईवर. म्हणालात, ही शार्मियन क्लिफ्ट, आधी हिला बघ.

मग रोज दुपारी थोडं थोडं ऐकवलंत. शार्मियन आणि तिचा नवरा जॉर्ज जॉन्स्टन, दोघं ऑस्ट्रेलियाचे, दोघं लेखक, १९५४ मध्ये लंडन सोडून लेकरांसकट ग्रीसला आले, आधी कॅलिम्नॉस बेटावर, तिथं समुद्रात बुडी मारून स्पंज काढणाऱ्या माणसांवर लिहायला, मग १९५५ मध्ये हायड्राला. तिथं विहिरीजवळ घर घेतलं, तिसरं लेकरू तिथंच झालं. बेटावर मोटारगाड्या नाहीत, आजही नाहीत, सामान वाहायला गाढवं आणि खेचरं. पाणी म्हणजे विहिरी आणि घराखालच्या टाक्यांत साठवलेलं पावसाचं. हे ऐकताना खाली टँकरचा हॉर्न वाजला होता आणि आपण दोघी घागरी घेऊन पळालो होतो, आठवतंय ना? परत वर आल्यावर तुम्ही घाम पुसत म्हणालात, आता सांग, घरात पाणी भरून, तीन लेकरांचं आवरून, बाजार करून, येईल त्या पाहुण्याला जेवू घालून ती बाई लिहायची कधी? त्या प्रश्नावर मी अजून लिहितेय काकू. एकांकिका म्हणजे दुसरं काय आहे!

आणि तुम्ही नुसतं गोड गोड सांगितलं नाही याचे तर मी जास्त आभार मानते. लोक त्या बेटाकडं कसं बघतात, दारू, समुद्र, प्रेमं, कुणाला कशाचं बंधन नाही. तुम्ही विचारायला लावलंत की हे सगळं स्वस्त कुणामुळं होतं. एके काळी हायड्राची जहाजं भूमध्य समुद्रभर व्यापार करायची, कप्तानांनी मोठमोठे वाडे बांधले, मग तो व्यापार गेला, स्पंजाचा धंदाही बसला, माणसं पोटापाण्यासाठी बाहेर पडली आणि घरं ओस पडली. म्हणून कोहेनला आजीकडून वारशानं मिळालेल्या पैशात, दीड हजार डॉलरला, घर घेता आलं, तेही वयाच्या २६व्या वर्षी. आपल्याकडंही ऊसतोडीला गेलेल्यांच्या घरांना महिनोन्‌महिने कुलूप असतं, ती घरं कुणी शहरातून येऊन छान शांत आहे म्हणून घेतली तर गावाला काय वाटेल, असं तुम्ही विचारलंत आणि मी कितीतरी वेळ गप्प बसले.

मेरिअॅन इलेन तुम्हाला फार आवडायची. नॉर्वेची, नवरा अॅक्सल येनसन कादंबरीकार, तान्हं लेकरू पदरात असताना तो दुसरीच्या मागं गेला. बंदरावरच्या कात्सिकासच्या किराणा दुकानात ती टोपली घेऊन उभी असताना कोहेननं तिला बाहेर सगळ्यांसोबत बसायला बोलावलं, तिथून त्यांचं जुळलं. तिच्या नावाचं गाणं १९६७ मध्ये आलं आणि जगानं ते डोक्यावर घेतलं. तुम्ही म्हणायच्या, गाण्यातली बाई सगळ्यांना माहीत आहे, घर सांभाळणारी कुणाला माहीत नाही. त्याच दुष्काळाच्या वर्षी, २०१६ च्या जुलैमध्ये मेरिअॅन गेली आणि नोव्हेंबरमध्ये कोहेन. तेव्हा मी हॉस्टेलला होते, बातमी वाचून पहिला फोन तुम्हाला केला, आणि तुम्ही रडत होतात.

शार्मियनचं शेवटचं तुम्ही लपवलं नाही. जॉर्जला टीबी झाला, त्याच्या मोठ्या कादंबरीसाठी ती रोज त्याच्याजवळ बसून ऐकत, सुचवत राहिली, स्वतःचं लिखाण बाजूला पडलं. १९६४ मध्ये कुटुंब ऑस्ट्रेलियाला परतलं, त्याच्या कादंबरीला तिथला मोठा पुरस्कार मिळाला, ती सिडनीच्या पेपरात दर आठवड्याला लिहायची आणि बायका ते आवडीनं वाचायच्या. १९६९ च्या जुलैमध्ये, ४५व्या वर्षी, तिनं आयुष्य संपवलं. मी सतरा-अठरा वर्षांची होते, दुसऱ्या कुणी असतं तर एवढ्या पोरीला हे कशाला असं म्हणून टाळलं असतं. तुम्ही सांगितलंत आणि नंतर रात्री उशिरापर्यंत माझ्याजवळ बसलात, खालून आई दोनदा हाक मारून गेली तरी.

पण मला सगळ्यात घट्ट धरून ठेवलं ते एका छोट्या गोष्टीनं. कोहेन बेटावर नवा आला तेव्हा शार्मियन आणि जॉर्जनं त्याला आपल्या घरी ठेवून घेतलं, आणि घर लावायला टेबल-खुर्चीसुद्धा दिली. स्वतःकडंच पैशाची ओढाताण असताना. काकू, तुम्ही मला हे सांगितलं तेव्हा मी काकांच्या टेबलाशीच बसले होते.

आणि बाबांशी बोललात ते. मी जिन्यात उभी राहून ऐकत होते. मला वाटलं होतं तुम्ही पोरीची आवड वगैरे बोलाल, पण तुम्ही वही-पेन घेऊन हिशोब मांडलात, रिपीटच्या वर्षाला क्लासची फी किती, हॉस्टेल किती, आणि बीए इंग्लिशनंतर नेट-सेट, बीएड, भाषांतराची कामं, कशात काय मिळतं. बाबा हिशोबाचा माणूस, त्यांना तेच पटलं. शेवटी म्हणालात, "तीन वर्षं द्या तिला, पुढं मी आहे." सुट्टीत पुण्याला जाताना खोलीची किल्ली माझ्या हातात दिलीत. त्या वयात माझ्यावर एवढा भरवसा कुणीच टाकला नव्हता.

प्रयोगात तीन बायका आहेत, शार्मियन, मेरिअॅन आणि त्यांच्या घरी काम करणारी ग्रीक बाई. पुरुष फक्त बाहेरून ऐकू येतात. तिघी विहिरीवर पाणी भरतात, आणि आपल्या लातूरच्या प्रेक्षकांना पाण्याची रांग समजावून सांगावी लागली नाही. आई पहिल्यांदाच माझं काही बघायला आली होती, ग्रीक बाईच्या वाक्यांना सगळ्यात जोरात टाळ्या तिच्याच.

संहिता कुरिअरनं पाठवलीय, समास मोठा सोडलाय, लाल पेन घेऊन बसा. दुसऱ्या प्रवेशात मेरिअॅनचं बोलणं शार्मियनपेक्षा लांबतंय असं मला वाटतंय, तुम्ही सांगाल तसं कापते. पुढचा प्रयोग दिवाळीनंतर नांदेडला आहे, तोवर तुमचा गुडघा चालता होईल, बाबा स्वतः गाडी घेऊन तुम्हाला आणायला येतो म्हणायलेत. आईनं संहितेबरोबर धपाटे आणि शेंगाची चटणी बांधून दिलीय, पार्सल लगेच उघडा.

तुमचीच,
खालच्या मजल्यावरची