सदतीस टप्पे

नाशिक, 27 जानेवारी

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

शनिवारी रात्री फोनवर "कुठे आहेस, दमल्यासारखा आवाज का येतोय?" असं आईने विचारलं, तेव्हा मी "मैत्रिणीबरोबर आहे" म्हणाले. खोटं नव्हतं. फक्त ती मैत्रीण आणि मी कळवणला तिच्या मावशीच्या ओट्यावर पाय पसरून बसलो होतो, आणि नाशिकहून तिथवर सायकलने गेलो होतो, एवढं सांगायचं राहिलं. आधी सांगितलं असतं तर आईने देव पाण्यात ठेवले असते. आता घरी पोचले आहे, हातपाय शाबूत आहेत, म्हणून लिहिते.

बाबा, रस्ता तुमचाच घेतला, एसटीत कंडक्टर असतानाचा. पहिल्या दिवशी दिंडोरी, वणी, नांदुरी, कळवण. दुसऱ्या दिवशी देवळा, चांदवड. तिसऱ्या दिवशी लासलगाव, नांदूर मधमेश्वर, निफाड आणि घर. सायकलच्या मीटरवर 225 किलोमीटर भरले. एसटीचा भाड्याचा टप्पा सहा किलोमीटरचा, म्हणजे सदतीस टप्पे आणि वर थोडं. त्या थोड्याचेही तुम्ही पूर्ण टप्प्याचे पैसे घेतले असते, ते माहीत आहे. आणि आई म्हणेल, 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट असताना ही थेरं कशाला!

सहा वाजता म्हसरूळ सोडलं तेव्हा बोटं ब्रेकवर आहेत की नाहीत तेच कळत नव्हतं. अंधारात बोलायला काही सुचेना, आणि माझ्या तोंडून आपोआप सुरू झालं: म्हसरूळ, ढकांबे, आक्राळे फाटा, दिंडोरी, वलखेड फाटा, लखमापूर फाटा, वणी. तुम्ही म्हणायचात त्याच चालीवर, 'फाटा'तला 'टा' लांबवून. मागून ही ओरडली, "सुटे पैसे काढून ठेवा!"

दिंडोरीच्या अलीकडे द्राक्षबागांतून धूर दिसायला लागला. मला वाटलं कुणी पाचोळा पेटवलाय. जवळ गेल्यावर कळलं, बागेत जागोजागी शेकोट्या केल्या होत्या आणि ठिबकचं पाणी सोडलेलं होतं. पारा फार उतरला की तयार मण्यांना तडे जातात, म्हणून ही माणसं रात्र जागून काढतात. मफलर गुंडाळलेला एक जण म्हणाला, "तुम्ही हौसेने थंडीत निघालात, आम्हाला पर्याय नाही." आम्ही त्याच्या शेकोटीवर हात शेकले आणि गप्प पुढे निघालो.

आता तक्रार. "वणीपर्यंत काय, सपाट रस्ता" हे तुम्ही लहानपणापासून सांगत आलात. बाबा, तो सपाट नाही. तो हळूहळू चढतो, डोळ्यांना दिसत नाही पण मांड्यांना बरोबर कळतो. तुम्ही इतकी वर्षं तो रस्ता उभ्याने केलात, तिकिटं फाडत, एका हाताने दांडा धरून. चढ सगळा इंजिनाच्या वाट्याला.

वणी सोडल्यावर मात्र खराखुरा डोंगर आला. आम्ही अर्धा चढ चालवला आणि अर्धा ढकलला. माथ्यावर बसून संत्रं सोलताना ही म्हणाली, इथे साल टाकली आणि पाऊस आला तर ती कुठे जाईल? शाळेत शिकलेलं तेव्हा आठवलं. या अंगाचं पाणी कादवेतून गोदावरीला, म्हणजे बंगालच्या उपसागरात. त्या अंगाचं गिरणेतून तापीला, म्हणजे खंबायतच्या आखातात. तुमची कळवण गाडी दिवसातून दोनदा हा उंबरठा ओलांडायची आणि तुम्ही घरी येऊन सांगायचात काय, तर आज रेटारेटी फार होती.

नांदुरीत चहा घेताना मी दोन-तीन म्हाताऱ्या माणसांना तुमचं नाव सांगून विचारलं, कळवण गाडीवरचे कंडक्टर आठवतात का. मला खात्री होती कुणीतरी निघेल. कुणी निघालं नाही. एकाने तर वेगळ्याच कंडक्टरची आठवण सांगितली, जो उरलेले सुटे पैसे कधी देत नसे. तो तुम्ही नव्हतात ना?

आई, सप्तशृंगी गडावर गेलो. सायकली चहावाल्याकडे ठेवल्या आणि वर एसटीनेच गेलो, तो घाट आमच्या आवाक्यातला नव्हता. वर आता मंदिरापर्यंत रुळांवरून ट्रॉली जाते, पण आम्ही पायऱ्यांनीच चढलो, तुझ्यासाठी. एक सांगायला हवं, नाहीतर पुढच्या वेळी बिचकशील. तू पाहिलेलं देवीचं रूप आता नाही. 2022 मध्ये अंगावरचा शेंदराचा जाड थर काढला, आता आतली मूळ मूर्ती दिसते. अठरा हात तेच, पण चेहरा वेगळा. मी क्षणभर परक्या घरी आल्यासारखी उभी राहिले. मग शेजारची बाई खणा-नारळाने ओटी भरून अगदी सहज बोलायला लागली देवीशी, सुनेची तक्रार वगैरे, आणि मलाही तुमच्या गुडघ्यांचं सांगता आलं. प्रसाद कुरियरने पाठवते.

दुसरा दिवस बाभळीच्या काट्यांचा. देवळ्यापर्यंत तीन पंक्चर, त्यातले दोन माझे. भावडबारीच्या घाटात उन्हात सायकली ढकलत होतो तर मोटारसायकलवरचे एक आजोबा थांबले, आम्हाला खालून वर पाहिलं आणि म्हणाले, "बाई, ढकलायचीच होती तर घरी का नाही ठेवली?" उत्तर अजून सुचलेलं नाही. चांदवडला होळकरांचा रंगमहाल बाहेरूनच पाहिला. जेवलो आणि झोपलो.

लासलगावला काल लिलाव बंद, 26 जानेवारीची सुट्टी. पण कांद्याचा वास काही सुट्टीवर जात नाही. तिथून नांदूर मधमेश्वरपर्यंतचा रस्ता मात्र सायकलीसाठीच केलेला असावा, इतका सरळ. दोन्हीकडे ऊस, मध्ये कांद्याची ओली हिरवी रोपं. तुम्ही आम्हाला तिथे कधी नेलं नव्हतंत. "बंधाऱ्यावर काय पाहायचं" म्हणायचात. आता ते पाणथळ 2020 पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे, महाराष्ट्रातलं पहिलं. मनोऱ्यावरून चक्रवाकांची जोडपी पाहिली, अंगाचा रंग थेट हळद-कुंकू कालवल्यासारखा. आणि बाबा, तिथे गोदावरीला मिळते ती कादवाच. शनिवारी दिंडोरीच्या पुढे पुलावरून जिच्याकडे पाहिलंही नव्हतं, ती सोमवारी आमच्या आधी तिथे पोचून पसरून बसली होती.

निफाड ते नाशिक फार वाहनं. त्याबद्दल लिहीत नाही, आई वाचते आहे.

तर आता माझं म्हणणं. धाकट्याकडे पुण्यात राहून तुम्हाला आठ महिने झाले. डॉक्टर चालायला सांगतात आणि तुम्ही गच्चीवर चार फेऱ्या मारून मोकळे होता. मार्चमध्ये नाशिकला या. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट आहे, आई अर्ध्या तिकिटात. तुम्ही दोघं सकाळी कळवण गाडीत बसा. आम्ही दोघी चार वाजताच सायकलने निघतो, वणीच्या स्टँडवर भेटू. वर चढताना आईचा हात धरा, पायरी उंच आहे. खिडकीजवळची जागा मिळाली तरी दिंडोरी गेल्यावर बाहेर बघू नका. ड्रायव्हर किती वेळा गिअर बदलतो, तेवढं नीट ऐका.

तुमची,
थोरली