बाबांच्या मधाविषयी

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, मधुमेह असूनही, मध गुणकारी असतो असं वाचून तुम्ही साखर सोडून सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चमचे मध घ्यायला लागलात, हे आईकडून कळलं. फोनवर हा विषय निघाला की तुम्ही फोन तिच्या हातात देता, म्हणून लिहितेय. निवांत वाचा.

मध गुणाचा आहे, याबद्दल वाद नाही. फुलांच्या रसाबरोबर वनस्पतींमधली फ्लॅव्होनॉइड्स आणि फिनॉलिक आम्लंही मधात उतरतात. शरीरात सतत तयार होणारे फ्री रॅडिकल्स, म्हणजे अस्थिर कण, पेशींना इजा करतात, त्यांना आवर घालायची ताकद या द्रव्यांत असते. यांनाच अँटीऑक्सिडंट म्हणतात. गडद रंगाच्या मधात ती सहसा जास्त सापडतात. तुम्ही वाचलंत ते इथपर्यंत खरंच आहे.

पण मधाचा सुमारे ८० टक्के भाग साखरच असतो, फ्रुक्टोज आणि ग्लुकोज. १७-१८ टक्के पाणी. आम्लं, खनिजं, विकरं (एन्झाइम्स) आणि ती अँटीऑक्सिडंट्स, सगळी मिळून उरलेल्या दोन-तीन टक्क्यांत बसतात. शिवाय मध दाट असल्यामुळे चहाच्या एका चमच्यात साधारण ७ ग्रॅम मावतो आणि त्यातली साखर होते जवळजवळ ६ ग्रॅम. साखरेच्या सपाट चमच्यात ती ४ ग्रॅमच असते. म्हणजे चमच्याला चमचा मोजला तर तुम्ही आधीपेक्षा जास्त साखर घेताय, दिवसाला २४ ग्रॅमच्या आसपास. अँटीऑक्सिडंट्स हवीत तर फळं आणि पालेभाज्या खा. त्यांत ती भरपूर मिळतात, शिवाय चोथाही पोटात जातो. मधुमेह असताना मध औषधात धरू नका, साखरेतच मोजा. माझी खरी काळजी एवढीच आहे.

आई, तुझ्या खोकल्याला मात्र मध जरूर घे. ब्रिटनमधल्या 'नाइस' या उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेने २०१९ मध्ये साध्या खोकल्यासाठीच्या सूचनांमध्ये मधाचं नाव घेतलं, आणि बहुतेक वेळा अँटिबायोटिकची गरज नसते असंही सांगितलं. रात्री झोपताना एक चमचा नुसताच चाटलास तरी घशाला आराम पडतो. तीन आठवडे झाले तरी खोकला हटला नाही, ताप आला किंवा दम लागला, तर डॉक्टरांकडे जा. बरणीतला मध घट्ट झाला, दाणे धरले, म्हणून टाकून देऊ नकोस. ग्लुकोजचे खडे बनतात, इतकंच. बरणी कोमट पाण्यात ठेवली की तो पुन्हा पातळ होतो. पाण्यात थेंब टाकून मधाची भेसळ ओळखता येत नाही, त्यासाठी प्रयोगशाळाच लागते.

आणखी एक, बाबा. पायाला साधं खरचटलं तरी त्यावर घरातला मध लावू नका. मध जखमेतलं पाणी ओढून घेतो, आम्लधर्मी असतो, त्यात थोडं हायड्रोजन पेरॉक्साइडही तयार होतं, त्यामुळे जंतू वाढत नाहीत. रुग्णालयांत जखमेवर मध वापरतातही, पण तो गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. मधुमेहात पायाची जखम लवकर चिघळते, तेव्हा ती त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायची.

आणि बाळ तुमच्याकडे येईल तेव्हा त्याला मधाचं बोटसुद्धा चाटवू नका. त्याला अजून वर्ष व्हायचंय. मधात कधीकधी बॉट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असतात. मोठ्यांना ते बाधत नाहीत, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करतात. उकळूनही ते मरत नाहीत. वर्षाच्या आत नाही म्हणजे नाही.

बाबा, एचबीए१सीची तपासणी करून घ्या. मागच्या दोन-तीन महिन्यांत साखर सरासरी किती राहिली ते त्यातून कळतं. डॉक्टरांना मधाचंही सांगा, आणि रिपोर्ट आला की मला पाठवा.

तुमची,
लेक