डाळिंबी म्हणजे मरून नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला साड्यांच्या रंगांवरचा लेख वाचला. त्यात ‘डाळिंबी म्हणजे मरून’ असं एका ओळीत उरकलंय. आम्ही आटपाडीचे, घरची डाळिंबाची बाग. त्यामुळे जरा झोंबलंच.

मरून हे नाव फ्रेंच भाषेतल्या चेस्टनटच्या नावावरून आलं. ते फळ तपकिरी, म्हणून मरूनही तपकिरीकडे झुकतो. डाळिंबीत तपकिरीचा लवलेश नसतो. आमच्या आत्याबाई (म्हणजे सासूबाई, इकडे तसंच म्हणतात) इरकल लुगडं घेताना ते दुकानाच्या दारात उन्हात धरायच्या. लालात गुलाबी पाणी खेळताना दिसलं तरच डाळिंबी, नाहीतर परत गठ्ठ्यात.

मला मात्र बरीच वर्षं शंका होती. आमच्या बागेत तेव्हा डाळिंबाचा ‘गणेश’ वाण होता आणि त्याचा दाणा फिकट गुलाबी. मग या रंगाला डाळिंबी कसं म्हणायचं? आत्याबाईंनी परड्यातल्या गावठी झाडाचं फळ फोडून हातावर ठेवलं. दाणा लालभडक! आता तसा दाणा ‘भगवा’ वाणात मिळतो. गंमत बघा, या वाणाचं नाव सालीच्या केशरी-लाल छटेवरून पडलंय, पण त्यावरून डाळिंबी साडीला कुणी भगवी म्हणत नाही. आपल्या रंगाला नाव दिलंय ते दाण्याने, सालीने नाही. साल उकळून कापड रंगवलं तर ते चक्क पिवळं होतं.

(सोललेल्या वालांना डाळिंब्या म्हणतात, त्यांचा इथे संबंध नाही. त्या तर पांढुरक्या. पण सूनबाईने हा प्रश्न विचारलाच.)

गेल्या महिन्यात विट्याला एका दुकानात डाळिंबी साडी मागितली. “काकू, मरूनच ना?” म्हणत तिथल्या मुलीने दहा-बारा मरून साड्या उलगडल्या. पोरगी बिचारी घामाघूम झाली. शेवटी मला हवी होती ती सापडली ‘रूबी पिंक’ची चिठ्ठी लावलेल्या गठ्ठ्यात.

आपली,
एक वाचक, आटपाडी (जि. सांगली)