पन्हाळ्यावरून आल्या आल्या

कोल्हापूर,
रविवार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, एवढी मोठी साम्राज्यं बुडतात तरी कशी? तेवढ्यात तासाची घंटा झाली आणि बोलणं राहून गेलं. आज पन्हाळ्यावर जाऊन आलो, डोक्यात तेच घोळत होतं.

चार दरवाजाजवळ थांबलो. दरवाजा कसला, उरलेत ते थोडेफार दगड. 1701 मध्ये याच गडाखाली औरंगजेबाची छावणी होती. वय 82. 1681 ला दक्षिणेकडे निघालेला बादशहा पुन्हा उत्तरेत गेलाच नाही. त्या छावणीत एप्रिलमध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील विल्यम नॉरिस नजराणे घेऊन आला, व्यापाराचं फर्मान मागायला. मिळालं नाही. बिचारा परतीच्या प्रवासात समुद्रातच वारला. आणि भावा, 143 वर्षांनी त्याच इंग्रजांनी हा दरवाजा जमीनदोस्त केला!

नकाशावर मोगलाई तेव्हा कधी नव्हे एवढी पसरलेली. 1686 ला विजापूर घेतलं, 1687 ला गोवळकोंडा. पण मनसबदारांना, म्हणजे बादशहाच्या सरदारांना, द्यायला जहागिरी उरल्या नव्हत्या, शिपायांचे पगार थकलेले. एक गड घेऊन पुढं सरकावं, तोवर मागचा मराठ्यांनी परत घ्यावा. 1707 ला बादशहा गेला आणि पोरं गादीसाठी एकमेकांवर तुटून पडली.

आपण तरी काय वेगळं केलं? त्याच साली संभाजीराजांचे पुत्र शाहूराजे मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि घरातच दोन गाद्या झाल्या, एक साताऱ्याची, एक आमची करवीरची म्हणजे कोल्हापूरची. त्यांच्यात समेटाचा वारणेचा तह व्हायला 1731 उजाडलं. करवीरचा माणूस म्हणून हे मला आजही टोचतं.

1844 चं, म्हणजे हा दरवाजा पाडला त्याच सालचं, इंग्रजांविरुद्धचं गडकऱ्यांचं बंड बघ. पिढ्यान्‌पिढ्या गड राखणाऱ्यांच्या जमिनींना हात लागला, पोटावर पाय आला, तेव्हा सामानगड पेटला, पन्हाळा पेटला.

म्हणून हल्ली कुणी मोठमोठे आकडे सांगू लागलं की मी आधी विचारतो, सगळ्यात खालच्या माणसाचा पगार वेळेवर होतो का? आमच्याकडं तासिकेवर एक तरुण मास्तर आहे. विज्ञान फार जीव लावून शिकवतो. पाच महिने मानधन नाही. शुक्रवारी मधल्या सुट्टीत डबा न आणताच वह्या तपासत बसला होता. मी भाकरी पुढं केली, तर मान खाली घालून म्हणाला, "भूक नाही सर."

उद्या आम्ही सगळे सह्यांचा अर्ज घेऊन वरच्या कार्यालयात जाणार आहोत. काय होतं ते कळवतो. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
मास्तर