कॉलेज गोल्फ म्हणजे नुसती पूर्वतयारी नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमेरिकेतील विद्यापीठांकडून गोल्फ खेळणाऱ्या खेळाडूंविषयी आपल्याकडे जे थोडेफार छापून येते, त्याचा सूर बहुधा 'हा किंवा ही व्यावसायिक कधी होणार' एवढाच असतो. विद्यापीठातील चार वर्षे म्हणजे जणू गाडी लागेपर्यंतचे प्रतीक्षालय, असे त्यातून वाचकाच्या मनात ठसते. हे गृहीत किती अपुरे आहे, हे जेनिफर कपचो हिच्या कारकिर्दीकडे पाहिले की कळते, म्हणून हा पत्रप्रपंच.

कोलोरॅडोत वाढलेली कपचो नॉर्थ कॅरोलिनातील वेक फॉरेस्ट विद्यापीठाकडून खेळत असे. २०१७ साली इलिनॉयमधील रिच हार्वेस्ट फार्म्स येथे झालेल्या राष्ट्रीय आंतरविद्यापीठ (एनसीएए) स्पर्धेत शेवटचे दोन होल उरले असताना ती दोन फटक्यांनी आघाडीवर होती. सतराव्या होलवर चेंडू पाण्यात गेला, पारपेक्षा, म्हणजे त्या होलसाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा, तीन फटके जास्त लागले आणि वैयक्तिक विजेतेपद एका फटक्याने हुकले. पुढच्याच वर्षी ओक्लाहोमातील कार्स्टन क्रीक मैदानावर तिने तेच विजेतेपद दोन फटक्यांच्या फरकाने मिळवले. केवळ निकालांची यादी करणाऱ्याला २०१८ सालाची नोंद पुरेशी वाटेल. पण २०१७ सालचा तो सतरावा होल वगळला, तर २०१८ च्या यशाचे मोल निम्मेही उरत नाही, असे मला वाटते.

याहून महत्त्वाचा प्रसंग त्यानंतरचा आहे. २०१८ च्या शरद ऋतूत पाइनहर्स्ट येथे एलपीजीए या व्यावसायिक महिला दौऱ्याची (म्हणजे स्पर्धामालिकेची) आठ फेऱ्यांची पात्रता स्पर्धा झाली. तिच्यात कपचो दुसरी आली आणि दौऱ्याचे दार तिला उघडे झाले. हौशी खेळाडूंना वसंत ऋतूतील कॉलेज हंगाम संपेपर्यंत सदस्यत्व लांबणीवर टाकण्याची मुभा त्या वर्षी होती. अलाबामा विद्यापीठाच्या दोन उत्तम खेळाडूंनी शैक्षणिक वर्षाच्या मध्यावरच व्यावसायिक होणे पसंत केले, आणि त्यात वावगे काहीच नव्हते. कपचोने आणि आर्कान्सा विद्यापीठाच्या मारिया फासी या मेक्सिकन खेळाडूने मात्र आपापल्या संघासाठी थांबायचे ठरवले. कॉलेज गोल्फमध्ये संघातून पाच जणी खेळतात आणि प्रत्येक फेरीत त्यांतील चार सर्वोत्तम, म्हणजे सर्वांत कमी फटक्यांचे, 'स्कोअर' धरले जातात. त्यामुळे आपला दिवस वाईट गेला तरी मैत्रिणीचा खेळ संघाला सावरतो, आणि आपल्या एका चुकलेल्या 'पट'ची (चेंडू होलमध्ये ढकलण्याच्या हलक्या फटक्याची) झळ इतर चौघींना बसते. एकट्याने खेळायच्या या खेळात असा अनुभव व्यावसायिक झाल्यावर क्वचितच वाट्याला येतो.

थांबण्याचे फळ एप्रिल २०१९ मध्ये मिळाले. ज्या ऑगस्टा नॅशनल क्लबने २०१२ पर्यंत एकाही स्त्रीला सदस्यत्व दिले नव्हते, त्याच क्लबने त्या वर्षी प्रथमच महिलांची हौशी स्पर्धा भरवली आणि तिची अंतिम फेरी आपल्या मैदानावर खेळवली. व्यावसायिक झालेल्या खेळाडूला त्या स्पर्धेत प्रवेशच नव्हता. शेवटच्या दिवशी फेरीच्या मध्यावर कपचोला अर्धशिशीने गाठले आणि डोळ्यांपुढे अंधुक दिसू लागले. फासी तेव्हा पुढे होती. दृष्टी निवळल्यावर कपचोने तेराव्या होलवर ईगल (पारपेक्षा दोन फटके कमी), मग पंधराव्या, सोळाव्या आणि अठराव्या होलवर बर्डी (एक फटका कमी) करून ६७ फटक्यांत फेरी संपवली आणि चार फटक्यांनी स्पर्धा जिंकली. दोघी प्रतिस्पर्धी ज्या मोकळेपणाने एकमेकींचे कौतुक करत खेळल्या, त्याची आठवण गोल्फप्रेमी आजही काढतात. मे महिन्यात फासीने घरच्या ब्लेसिंग्ज मैदानावर एनसीएएचे वैयक्तिक विजेतेपद मिळवले; वेक फॉरेस्टचा संघ अंतिम सामन्यात ड्यूककडून हरला. कपचोने पुढे २०२२ मध्ये शेव्हरॉन ही मोठी स्पर्धा जिंकली, पण तेवढ्यावरून तिची कॉलेजची वर्षे 'सार्थकी लागली' असे म्हणणे मला पटत नाही. ती त्याआधीच लागली होती.

हे सविस्तर लिहिण्याचे कारण असे की, पुण्या-मुंबईतील काही पालकही आता गोल्फच्या बळावर मुलांना अमेरिकेत पाठवण्याचा विचार करतात आणि त्यांची चौकशी बहुतेक वेळा शिष्यवृत्तीपाशी सुरू होऊन तिथेच संपते. एनसीएएच्या पहिल्या श्रेणीच्या (डिव्हिजन वन) विद्यापीठांत अलीकडेपर्यंत महिला संघाला सहा आणि पुरुष संघाला साडेचार शिष्यवृत्त्यांचीच मर्यादा होती व त्या अनेकांत विभागल्या जात. २०२५-२६ पासून नवी व्यवस्था स्वीकारलेल्या विद्यापीठांत ही मर्यादा गेली आणि तिच्या जागी संघात जास्तीत जास्त नऊ खेळाडूंची अट आली. नऊ जण संघात असले, तरी मोजल्या जाणाऱ्या संघातून खेळतात पाचच. तेव्हा पालकांनी प्रशिक्षकांना रकमेइतक्याच आग्रहाने विचारावे की, पहिल्या वर्षाच्या खेळाडूंना या पाचांत जागा मिळवण्याची संधी कशी दिली जाते, आणि ज्यांना ती मिळत नाही त्यांना वर्षभरात किती स्पर्धा खेळायला मिळतात. आपल्या क्रीडा पानानेही या खेळाडूंच्या बातम्या देताना वैयक्तिक क्रमांकाबरोबर संघाचा निकाल छापावा, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक नियमित वाचक, पुणे